अनुक्रमांक दोन

विषय : घोडे पाळण्याच्या परवान्यासोबतच्या देखभालकर्त्यांच्या नोंदवहीतून अनुक्रमांक दोनचे नाव कमी करण्याबाबत.

संदर्भ : १) परवाना निरीक्षकांची सोमवारची प्रत्यक्ष तपासणी. २) अर्जदाराचा त्याच दिवशीचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, अर्जाच्या नमुन्यात 'कारण' या शब्दापुढे दीड ओळ जागा सोडलेली आहे. माझं कारण दीड ओळीत मावत नाही, म्हणून हे वेगळं पान. ते अर्जाला जोडावं की जोडू नये, हे अजून ठरलेलं नाही.

१

मी निवृत्त कारकून. चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. लग्न केलं नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर धाकट्या भावाच्या गळ्यात पडलो. त्याची वस्तीबाहेर चार घोड्यांची पागा आहे. सुट्टीच्या दिवशी मुलं रपेट शिकायला येतात, त्यावर घर चालतं. घोड्यांची नावं मी ठेवली. एक 'साहेब', कारण तो उभ्या उभ्या झोपतो आणि खाणं वेळेवर मागतो. एक 'टपाल', कारण तो निघतो तेव्हा निघतो आणि पोचतो तेव्हा पोचतो. एक 'म्हातारी'. आणि चौथी काळी घोडी, काजळ.

नियम असा की, दोन घोड्यांमागे एक देखभालकर्ता हवा, वय साठच्या आत. चार घोडे, म्हणून वहीत दोन नावं. अनुक्रमांक एक, भाऊ. अनुक्रमांक दोन, त्याची बायको, म्हणजे माझी भावजय. ती गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून तिचं काम त्यांची मुलगी करते. आम्ही तिला बारकी म्हणतो, ती तेवीस वर्षांची आहे तरी.

बारकीला शहरात एका प्रयोगशाळेत जागा मिळाली. मंगळवारी रुजू व्हायचं होतं. भाऊ म्हणाला, "जा की. सोमवारी निरीक्षक येतोय. दुसरं नाव विचारलं की सांगतो, आमच्या घरच्या शास्त्रज्ञ गेल्या काचेच्या नळ्या धुवायला."

"माणूस ठेवा ना, बाबा."

"ठेवले होते दोन. एक घोड्यांना भ्यायचा. दुसऱ्याला घोडे भ्यायचे."

पुढे तीन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. शेवटी मी तोडगा काढला. तोडगा म्हणजे मी काहीच केलं नाही, एवढंच. नूतनीकरणाचा अर्ज मागच्या वर्षीवरून जसाच्या तसा उतरवला. मृत्यूची नोंद एका खात्यात असते आणि घोड्यांची दुसऱ्या. एका खात्याचं दुसऱ्याला कळत नाही, या एका श्रद्धेवर मी चौतीस वर्षं काढली आहेत. परवाना होईल, पोरगी सुटेल, वर्षभरात एखादा माणूस मिळेल. कोणाचं काय बिघडतं?

निरीक्षक भिंतीवरचा कामवाटपाचा तक्ताही पाहतात. वही आणि तक्ता जुळायला हवेत. म्हणून शुक्रवारी दुपारी मी नवा तक्ता लिहिला. रकाने चार : भाऊ, भावजय, बारकी, मी. भावजयीच्या रकान्यात तिचीच जुनी कामं घातली, सकाळ-संध्याकाळ पाणी भरणे आणि गवताच्या जाळ्या बांधणे. प्रत्यक्षात ती मी करणार होतो.

भाऊ तक्त्यापुढे बराच वेळ उभा राहिला.

"तिला पाणी दिलंस?"

"तिचंच होतं."

खिळा जरा सैल होता, तो त्याने अंगठ्याने दाबून बसवला.

२

तपासणीच्या आधीचे दोन दिवस म्हणजे लगीनघाई. चारही ठाणांतला जुना पेंढा उपसायचा, फरशी घासायची, कुंपणाचे तीन कुजके खांब बदलायचे, खोगिरांना तेल लावायचं, दारं रंगवायची, गवताचे साठ भारे माळ्यावर चढवायचे. शिवाय घोडे आहेत म्हटल्यावर लीद आहेच. लिदीला सुट्टी माहीत नसते.

शनिवारी सकाळी चहा घेऊन मी पाणी भरायला गेलो. पागेची रचना सरळ आहे. एका टोकाला नळ, त्याला लागून सामानाची खोली, मध्ये फरशीची वाट, वाटेच्या एका बाजूला ओळीने चार ठाणं. प्रत्येक ठाणात सिमेंटची हौदी. रबरी नळी आहे, पण ती दिसली की काजळ साप पाहिल्यासारखी उधळते आणि मग सगळ्यांचंच पाणी होतं. म्हणून बादल्या.

चारही हौद्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

बारकीने भरल्या असणार, असं मला वाटलं. जायच्या आधी पोरीला माया आली. मी फावडं घेतलं आणि साहेबांच्या ठाणापासून सुरुवात केली. घासताना फरशीकडे लक्ष गेलं. नळापासून शेवटच्या ठाणापर्यंत सांडलेल्या पाण्याची रेघ होती, ती असतेच. पण रेघेवर गोल ओल्या खुणा होत्या. बादली टेकवली की उठते तशी. मी पावलं मोजली, सवय वाईट. दर सात पावलांवर एक खूण. आणि एकेका जागी एक नाही, चार-पाच. एकमेकींवर थोड्या सरकलेल्या, जुन्या शिक्क्यावर नवा शिक्का बसावा तशा.

बारकी दोन हातांत दोन भरल्या बादल्या घेते आणि वाटेत मैत्रिणीशी फोनवर भांडते. ती टेकत नाही. भाऊ तर नाहीच.

३

दुपारी जेवताना मी म्हणालो, "पाणी भरल्याबद्दल आभारी आहे."

"कोणाला म्हणताय, काका?"

"तुला."

"मी कुठे भरलं? मी तर सकाळपासून खोगिरांना तेल चोळतेय. हात बघा, वडा तळून निघेल."

"मग?" मी भावाकडे पाहिलं.

"मी कुंपणावर होतो," तो ताटात बघत म्हणाला. "झालंय ना पाणी? मग झालं. कोणी केलं याची चौकशी समिती नेमायची का आता?"

"जाळ्यापण बांधल्या होत्या," बारकी म्हणाली. "मला वाटलं काकांनी. म्हणून हसले नाही. अर्ध्याच भरल्या होत्या."

"मी बांधल्या नाहीत."

"मग घोड्यांनी बांधल्या," भाऊ म्हणाला आणि उठला. त्याने अर्धी भाकरी ताटात ठेवली होती. हा माणूस पानात काही टाकत नाही.

मी विचार केला. माझा विचार करण्याचा वेग सरकारी आहे, पण दिशा बरोबर असते. पर्याय तीन. एक, भावाने केलं आणि कबूल करायला लाजतोय. पण त्याने सकाळी तीन खांब उभे केले, ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होते. दोन, बारकी थट्टा करतेय. पण या थट्टेला तिच्या आईच्या जागेवरून जावं लागतं, तिथे ती थट्टा करत नाही. तीन, मीच केलं आणि विसरलो. हा पर्याय मला सर्वांत पसंत पडला. या वयात तो नियमात बसतो.

संध्याकाळचं पाणी मी पाचला भरणार होतो. साडेचारला गेलो तेव्हा भरलेलं होतं. खुणा पाच पावलांवर आल्या होत्या.

४

रविवारी मुलांची रपेट बंद ठेवली. भाऊ आणि बारकी माळ्यावर भारे चढवत होते. त्यांचं 'धर', 'सोड', 'अगं नीट' पागेच्या मागून ऐकू येत होतं. दोघंही तिथे आहेत याची खात्री करून मी चार वाजताच सामानाच्या खोलीत स्टूल टाकून बसलो. मांडीवर लगाम आणि तेलाचं फडकं घेतलं, म्हणजे कोणी विचारलंच तर मी कामात होतो. दार वीतभर उघडं ठेवलं. त्या फटीतून नळ दिसत नाही; ठाणं दिसतात आणि अर्ध्या दारांवरून बाहेर काढलेली घोड्यांची तोंडं.

नळ सुटला.

पाणी बादलीत पडताना आधी पत्र्याचा आवाज येतो, मग पाण्याचा. बादली भरत आली की आवाज बारीक होत जातो. हा आवाज बारीक होण्याआधीच थांबला. अर्धी बादली. कडी वाजली. मग पावलं.

एक, दोन, तीन, चार. टेकवली.

मग श्वास. धावून आलेल्या माणसाचा नव्हे. जिना चढताना प्रत्येक पायरीला आपण काहीच झालं नाही असं दाखवतो ना, तो. तोंड मिटून घेतलेला. कडी वाजली. एक, दोन, तीन, चार.

मला समोर माणूस दिसत नव्हतं. मला घोडे दिसत होते. चौघांची तोंडं एकदम नळाकडे होती. पावलं वाजली की चारही तोंडं थोडी वळत, टेकवल्यावर थांबत, थांबून वाट बघत आणि पुन्हा वळत. साहेबसुद्धा जागा होता. काजळने, जी मला आजवर तीनदा चावली आहे, मान खाली घातली आणि नाक पुढे केलं. तिच्या कपाळावरची झुलपं बाजूला झाली. वारा नव्हता.

मी उठलो नाही. याची नोंद असावी. दार माझ्यापासून दोन हातांवर होतं आणि मी लगामाला तेल लावत राहिलो. पावलं सातव्या फेरीला तीनवर आली.

आवाज थांबल्यावर किती वेळ गेला, सांगता येणार नाही. बारकी आली तेव्हा मी बसलेलोच होतो. तिच्या केसांत गवत होतं. ती वाटेवर उभी राहून खाली बघत होती.

"काका, हे कोणी केलं?"

"काय?"

"काय म्हणून काय विचारता? खुणा." ती उकिडवी बसली आणि एका ओल्या गोलावर तिने तळहात ठेवला. "शेवटी शेवटी आई अशीच नेत होती. अर्धी अर्धी. बाबांना दिसू नये म्हणून ते गेल्यावर. मी म्हणायचे, ठेव, मी करते. तर म्हणायची, तक्त्यात माझं आहे."

मग मी तिला वहीबद्दल सांगितलं. तिला वाटत होतं, परवान्याची काहीतरी वेगळी सोय झाली आहे. सांगताना गेल्या वर्षीच्या तक्त्याचंही सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी, महिन्याच्या मध्यावर, भावजय माझ्याकडे आली होती. म्हणाली, "भाऊजी, पाण्याचा रकाना जरा दुसऱ्या कोणाकडे द्या ना. छातीत भरून येतं." मी म्हणालो, तक्ता एक तारखेला बदलतो. ती म्हणाली, बरं. एक तारखेला पाच दिवस असताना ती गेली. तक्ता मी ठरल्याप्रमाणे एक तारखेलाच बदलला.

बारकी ऐकत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आणि शुक्रवारी तुम्ही परत तिलाच लावलंत."

"तुला जाता यावं म्हणून."

"हो," ती म्हणाली. "छान."

मी जाऊन भिंतीवरचा तक्ता काढला आणि फाडला. सोमवारी सकाळी आठला हौद्या भरलेल्या होत्या. मूळ दस्तऐवज वही असते, तक्ता नव्हे. हे मला तरी कळायला हवं होतं. खुणांमध्ये अंतर राहिलं नव्हतं. एकीला लागून एक, नळापासून शेवटच्या ठाणापर्यंत.

५

निरीक्षक अकराला आले. तरुण, सभ्य, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून. त्यांनी दारं पाहिली, फरशी पाहिली, घोड्यांचे दात पाहिले; तक्त्याचं नेमकं विचारलं नाही. मग म्हणाले, "तुम्ही बसा, मी मागची बाजू बघून येतो," आणि वही काखेत मारून एकटेच गेले. आम्ही तिघं व्हरांड्यात बसलो. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं : बाई माहेरी गेल्या आहेत.

दहा मिनिटांनी ते परत आले.

"उत्तम. दोघांच्या सह्या लागतात. यांची राहिली," भावाकडे बोट करून म्हणाले. "बाईंची घेतली मागेच. हातातलं काम सोडून आल्या बिचाऱ्या."

त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि वाकून बुटांवरच्या पिशव्या काढल्या.

"एक सांगू का? नियमात नाही, पण सांगतो. बाईंना जरा विश्रांती द्या. धाप लागली होती. मी विचारलं, बरं आहे ना? तर नुसती मान हलवली."

वही माझ्यापुढे होती. अनुक्रमांक दोनसमोर सही होती. पहिलं अक्षर नीट, दुसरं कसंबसं, पुढची ओळ सोडून खाली घसरत गेलेली. कागद तिथे ओला होऊन फुगला होता.

"साहेब," मी म्हणालो. "हे नाव कमी करायचं आहे."

"आत्ता? आत्ताच तर सही झाली."

"आत्ताच."

"करता येईल. अर्जाचा नमुना आहे माझ्याकडे. पण बदली नाव द्यावं लागतं. त्याशिवाय आधीचं नाव कमी होत नाही. घोडे वाऱ्यावर सोडता येत नाहीत ना."

नमुन्याच्या दोन प्रती देऊन ते गेले. फाटक लागल्याचा आवाज आला, तेव्हा भाऊ म्हणाला, "राहू दे की, दादा."

"काय राहू दे?"

"नाव. वर्षभर राहू दे." तो अंगणाकडे बघत होता. "काम तर होतंय."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला शनिवारपासूनच माहीत होतं. कदाचित तक्त्यापुढे उभा राहिला तेव्हापासून. आणि तो वाईट माणूस नाही, हे इथे लिहून ठेवतो. घोडा लंगडला तर रात्रभर जागतो.

"बाबा, तिला धाप लागतेय," बारकी म्हणाली.

"तेव्हापण लागायची."

"तेव्हा काय केलंत?"

"आता मला कोर्टात उभं करणार का? तुलाच जायचं होतं ना? जा ना मग! सोय झालीय तुझी."

बारकीने माझ्या हातातला नमुना घेतला. 'बदली नाव' या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं, सुवाच्य, एकही अक्षर न गिरवता. मी तो कागद ओढून घेतला आणि फाडला. दोन दिवसांत मी फाडलेला हा दुसरा कागद. नोकरीत एकही फाडला नव्हता.

"मग आई सुटणार कशी, काका?"

नमुन्याची दुसरी प्रत होती. त्यावर मी माझं नाव लिहिलं. वय एकाहत्तर. खाली विनंती : विशेष बाब म्हणून वयाची अट शिथिल करावी. त्याच दुपारी भावजयीच्या मृत्यूचा दाखला जोडून नेऊन दिला, पोच घेतली.

६

मंगळवारी बारकी गेली नाही. प्रयोगशाळेला तिने कळवलं की, घरी अडचण आहे. त्यांनी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवू म्हणून कळवलं, पुढे नाही.

पाणी आता ती भरते. निदान तिचं म्हणणं तसं. मी एकदा भरायला गेलो, तर तिने बादली हातातून काढून घेतली. "तुम्ही नका. तुम्ही आलात की ती थांबते. मग सगळं राहतं आणि तिला नंतर एकटीला करावं लागतं."

"तुला दिसते?"

"काका, बादली जड असते तेव्हा वर कोण बघतं?"

गुरुवारी सकाळी सूर्य चांगला वर आला होता. मी व्हरांड्यात होतो. पागेचं मोठं दार सताड उघडं होतं. बारकी नळाकडून निघाली. तिच्या उजव्या हातात बादली होती, काठापर्यंत भरलेली. एका हाताने भरली बादली नेणारा माणूस दुसऱ्या बाजूला कलतो. बारकी कलली नव्हती. ती सरळ चालत होती आणि बादली तिच्या पायापासून हातभर लांब, सपाट, एक थेंब न सांडता चालली होती. कडीच्या एका टोकाला तिची बोटं होती.

दुसऱ्या टोकाला मी फार थोडा वेळ पाहिलं. कोपरापर्यंत वर सारलेली बाही. पाण्याने सुरकुतलेली, पांढरी पडलेली बोटं. त्याच्या वर पाहायला हवं होतं, ते मी पाहिलं नाही.

तीन पावलं गेल्यावर बादली टेकली. बारकी थांबली. ती तरुण आहे, धट्टीकट्टी आहे, थांबायचं तिला कारण नव्हतं. ती बाजूला तोंड करून हळू आवाजात काहीतरी म्हणाली आणि वाट पाहत राहिली. मग तिनेही तोंड मिटून एक श्वास घेतला. तो मला व्हरांड्यापर्यंत ऐकू आला.

त्यानंतर ती एकटी चालत असतानासुद्धा मी पाहिलं आहे. स्वयंपाकघरातून अंगणात येताना तीन पावलांवर थांबते. विचारलं तर म्हणते, कुठे? नाही तर.

अर्ज एकदा परत आला. शेरा असा : 'सोबत जोडलेल्या दाखल्यानुसार अनुक्रमांक दोन गेल्या वर्षी मयत. तथापि नोंदवहीत त्यांची चालू महिन्याची स्वाक्षरी असून, ती निरीक्षकांनी समक्ष घेतली आहे. सबब दोहोंपैकी कोणते ग्राह्य धरावे, याचा खुलासा करावा. वयाच्या अटीबाबत स्वतंत्र निर्णय होईल.' कारकुनाचं चुकलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर हाच शेरा मारला असता, कदाचित जरा जास्त आनंदाने.

खुलासा केला. दाखला ग्राह्य धरावा, असं लिहिलं. सही कशी झाली, ते लिहिलं नाही, विचारलेलं नव्हतं. काल जाऊन चौकशी केली. खिडकीवरची बाई म्हणाली, "आजोबा, वर गेलंय."

आज महिन्याची अठ्ठावीस तारीख. पाणी भरून झालेलं आहे. अर्ज विचाराधीन आहे.